दरडीला भावाचं नाव नको

सरपंचसाहेब, गावकरी मंडळी, आयाबायांनो,

मी मधुकरभाऊची धाकटी बहीण, जैनाबादला दिलेली. ज्यानं मला बोलायला शिकवलं, त्याच्या फोटोला हार घालून बोलणं सोपं नाही. तरी उभी राहिलेय, कारण आज गप्प बसले तर पुढे पस्तावेन.

भाऊ कसा गेला, हे बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. गावामागे डोंगराचा तो उभा काळा दगड आहे ना, त्याच्या पायथ्याशी शहरातलं एक कुटुंब सावलीला जेवायला बसलं होतं. वरून बारीक खडे येत होते. भाऊ केळीच्या बागेतून धावत गेला. "उठा, जल्दी निघा!" ते म्हणाले, "अंकल, बस पाँच मिनट." भाऊनं त्यांची चादरच ओढली. माणसं चिडून उठली, शिव्या देत बाजूला झाली, म्हणून वाचली. भाऊ सगळ्यांच्या मागे होता. शिळा त्याच्यावर आली.

आमचे वडील त्या जागेला पडती दरड म्हणायचे. मी लहान असताना भाऊ मला विचारायचा, "सुळका कसा असतो?" मी म्हणायचे, उभा. "कडा कसा असतो?" तुटलेला. "आणि दरड?" दरड कोसळते! "मग? कड्यावर माणूस उभा राहतो, पोरी. दरडीखालून फक्त निघून जायचं."

आपण काय केलं? मोबाईलवर फोटो दिसायला लागले, आणि दरड म्हणायची आपल्याला लाज वाटायला लागली. मोरकडा म्हणायला लागलो. किती छान नाव! चहाची टपरी आली, भेळ आली, खाली बाकडी आली. भाऊ ओरडत राहिला, "अरे, कडा म्हणाल तर लोक चटई टाकतील. दरड म्हणा, आपसूक लांब राहतील." पोरं काय म्हणायची? "भाऊ को तो हर जगह डर लगता है." तुम्ही हसायचात. मी माहेरी आले की माझ्या कानांनी ऐकलंय. रागावले आहे मी तुमच्यावर. खोटं कशाला बोलू?

आता गावानं ठरवलं, त्या जागेला भाऊचं नाव द्यायचं. मधुकरभाऊ कडा. तुमचं प्रेम आहे, कळतं मला. पण काल वहिनी आणि मी फुलं ठेवायला वर गेलो होतो. दगडाच्या माथ्यावर नावाच्या पाटीच्या खांबांसाठी खड्डे खणलेत. मिस्त्री खड्ड्यात पाणी ओतत होता. पाणी राहिना. एक बादली ओतली, गेली. दुसरी ओतली, तीही गेली. आम्ही खाली उतरलो, तर दगडाच्या पार मधल्या फटीतून ते पाणी ओघळत होतं.

कळतंय का, मंडळी? तो दगड आतून सुटलाय. भाऊवर आला तो नुसता तुकडा होता. अख्खी दरड अजून यायची आहे. आज येईल, पावसाळ्यात येईल, कोण सांगणार? आणि त्या दिवशी तिथं कुणाची लेकरं बसलेली असतील? माझ्या भावाचं नाव वाचून बसलेली असतील! ज्यानं माणसं उठवली, त्याच्या नावानं तुम्ही माणसं बसवणार?

मला ते नाव नको. वाट काट्या टाकून बंद करा. टपरी हलवा. आणि रस्त्यावरच मोठ्या अक्षरांत लिहा, पडती दरड.

सरपंचसाहेब, सभा संपली की तुम्ही इथं आणून ठेवलेल्या त्या पाटीवरचं कापड काढणार होतात. राहू द्या. वहिनींनी काळा रंग आणलाय. आपण मौन पाळू, तेवढ्यात त्या स्वतःच्या हातानं आपल्या नवऱ्याचं नाव पुसतील. कुणी त्यांना अडवू नका. कुणी "राहू दे" म्हणू नका.

भाऊ, तुझ्या नावाला हात लावतोय. रागावू नकोस.

उठा सगळे.