मामांचे बूट

अंदमानचं काय सांगू तुमाला, आमच्या सासऱ्यांच्या बुटाचंच ऐका.

तिथं एका डोंगराच्या धारेवरून पायवाट जाते. दोन्हीकडं खाली समुद्र. त्यासाठी बायकोनं तिच्या बापाला हिंगोलीतून नवे बूट घेतले होते. मामांनी ते पायथ्यालाच काढले, मोजे आत कोंबले आन् झाडाखाली ठेवून दिले.

म्हणलं, "मामा, काहून काढले?"

"डोंगरावर बूट घालून जातेत व्हय, जावईबापू? वर देव असतो."

गाईड म्हणला, "चाचा, ऊपर कोई मंदिर नहीं. पैर कट जाएगा."

"मंदिर नसंल. देव असंल."

गाईड हात जोडत मागं, मामा अनवाणी पुढं. वर पोचलो तवा त्यांच्या अंगठ्यातून रक्त येऊन राहिलं होतं. त्यांनी चारीकडं पाहिलं. नुसता वारा आन् पाणी.

"देव न्हाई, तं एवढे लोक काहून चढून राहिले?"

"समुद्र पाहायला."

"तो तं खालूनबी दिसतो."

उतरताना समोरून चढणारे काही लोक अनवाणी दिसले. मला वाटलं, तिकडची रीत असंल.

खाली आलो. मामांचे बूट जाग्यावर होते. त्यांच्या बाजूला आणखी सात-आठ जोड ओळीनं लावलेले.

मामा शांतपणे बूट चढवत म्हणले, "पाहा. वर देव हायच. आपल्याला दिसला न्हाई, ती गोष्ट येगळी."