दोन हजार पावलं

मावशी : आकडासुद्धा ठोकून दिलाय. दोन हजार. मी म्हणते, हजार म्हणाला असता तर काय बिघडलं असतं?

भाचा : मावशी, आधी बस. स्टुडिओच्या बावीस पायऱ्या चढून आलीस, श्वास तरी घे.

मावशी : श्वास चौदाव्या पायरीवर घेतला. तिथं काठी भिंतीला लावून उभी होते, तर खालचा घड्याळं दुरुस्त करणारा म्हणतो, "काल रेडिओवर काय सुंदर बोललात." काल अकरा वाजता मी कॉटवर होते रे. पायाखाली दोन उशा आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी.

भाचा : तू परवानगी दिली होतीस. चार वर्षांची तुझी भाषणं संगणकाच्या त्या प्रोग्रॅमला ऐकवायची आणि तू बरी होईपर्यंत रोजची पाच मिनिटं त्यानं तुझ्या आवाजात बोलायचं. नव्या यंत्रांच्या बातम्या, तब्येतीच्या बातम्या, नेहमीचंच. सही आहे तुझी.

मावशी : नाही कोण म्हणतंय? सहा आठवडे रोज ऐकलं मी. पहिल्या आठवड्यात तर माझा मलाच अभिमान वाटला. एक खोकला नाही, औषधांची नावं कशी घडाघडा. म्हटलं, आपण एवढ्या हुशार कधी झालो?

भाचा : मग बिनसलं कुठं?

मावशी : गेल्या सोमवारी. बातमी होती संगणकानं माप काढून बदललेल्या गुडघ्यांची. सांगितली झकास. आणि शेवटी माझा आवाज म्हणतो, "आता माझंच सांगते. माझा गुडघा बदलून महिना झाला. दुखणं म्हणाल तर नावाला नाही. रोज दोन हजार पावलं चालते."

भाचा : ती तुझी सवय उचलली त्यानं. प्रत्येक भाषणाच्या शेवटी तू "आता माझंच सांगते" म्हणतेस. त्याला वाटलं, शेवट असाच करायचा असतो.

मावशी : सवय उचलली, ठीक. गुडघा कुठून आणला?

भाचा : तो... त्यानं बनवला.

मावशी : घ्या. दुसऱ्या दिवशी ती व्यायाम करून घेणारी मुलगी आली. काठीशिवाय दहा पावलं टाकायची म्हटली की माझ्या डोळ्यांत पाणी. ती कमरेवर हात ठेवून उभी. "आजी, रेडिओवर दोन हजार आणि माझ्यासमोर दहा? आज नाटकं नकोत." आणि असा वाकवला पाय, असा वाकवला, की मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मनातल्या मनात. तोंड उघडलं असतं तर आणखी वाकवला असता.

भाचा : मी हसत नाहीये.

मावशी : हस रे. मलाही आता हसूच येतं.

भाचा : मग सोडून दे ना. नऊ दिवस झाले. लोक विसरले.

मावशी : चार नंबर विसरली नाही.

भाचा : कोण चार नंबर?

मावशी : टेलिफोन एक्स्चेंजात मी तीन नंबरच्या बोर्डावर बसायचे, ती चार नंबरच्या. एकतीस वर्षं कोपराला कोपर लावून. तुझ्या लग्नाला आली होती बघ, उंच, शब्द मोजून बोलणारी. तिचे गुडघे माझ्याही आधी गेले. डॉक्टर तीन वर्षं म्हणतायत बदला, आणि ही म्हणते बघू. घाबरते, पण कबूल करायची नाही. माझं ते सोमवारचं ऐकलं आणि मंगळवारी सुनेला म्हणाली, तारीख घे. उद्या, गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे. मला परवा कळलं.

भाचा : अगं, मग चांगलंच झालं की.

मावशी : हेच. मीही दोन दिवस स्वतःला हेच समजावलं. पण जेवण गोड लागत नाही.

भाचा : तीन वर्षांत डॉक्टरांना जमलं नाही ते एका वाक्यानं झालं. आता तू खरं सांगायला जाशील आणि ती पळून गेली तर?

मावशी : पळायला गुडघे कुठं आहेत तिला?

भाचा : मावशी.

मावशी : माहीत आहे रे. नाही म्हणाली तर पुन्हा तीन वर्षं खुर्चीत बसून राहील, आणि ते माझ्यामुळं. पण शनिवारचा विचार कर. भूल पूर्ण उतरेल, पायाची आग आग होईल. तेव्हा ती काय म्हणेल? तीनला नावालाही दुखलं नाही आणि मला एवढं दुखतंय, म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय. कुणाला विचारणारही नाही. दात आवळून पडून राहील, पाय वाकवणार नाही. गुडघा एकदा आखडला की एवढं कापलं ते सगळं पाण्यात. माझ्या आवाजानं तिला तिथं धाडलंय. मग तिथं काय होतं ते माझ्या आवाजानं सांगायला नको?

भाचा : फोन कर ना तिला.

मावशी : फोन बंद करून कपाटात ठेवलाय. ऑपरेशन ठरल्यापासून जो तो फोन करतो आणि कुणाचं काय बिघडलं ते सांगतो. म्हणाली, आता कुणाशी बोलणार नाही, फक्त अकराचा रेडिओ ऐकणार. सुनेला फोन केला तर ती म्हणते, "मावशी, हात जोडते, मोठ्या मुश्किलीनं तयार झाल्यात, आता काही सांगू नका."

भाचा : आणि अकराला आठ मिनिटं आहेत.

मावशी : म्हणून तर बावीस पायऱ्या.

भाचा : आजचं भाषण तयार आहे गं. झोप मोजणाऱ्या घड्याळाची बातमी आहे.

मावशी : झोप लागली की नाही ते सकाळी मला कळतंच की. शेवटी काय म्हणतोय तो?

भाचा : थांब, बघतो. "आता माझंच सांगते. मला रोज आठ तास शांत झोप लागते."

मावशी : मेल्यानं झोपही लावून दिली माझी.

भाचा : हे वाक्य मी काढतो. पण लाइव्ह बोलायचं म्हणजे... सहा आठवड्यांत सवय गेलीय. मध्येच दम लागला, शब्द अडला तर?

मावशी : अडेल. खरं सांगू? ते इतकं नीट बोलायला लागलं ना, तेव्हा मी ठरवलंच होतं की आता यायचं नाही. त्यालाच बोलू दे. हल्ली मला नावं आठवत नाहीत, एक सांगता सांगता दुसरीकडेच जाते. कॉटवर पडून ऐकताना वाईट वाटायचं. आपल्याशिवाय आपलं किती छान चाललंय म्हणून.

भाचा : हे मला बोलली नाहीस कधी.

मावशी : आता बोलले.

भाचा : आणि ऐकणाऱ्यांना काय सांगायचं? पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं, हा आवाज संगणकाचा आहे. पण ते एकदाच. लोक म्हणतील, फसवलं.

मावशी : म्हणू देत. तू तुझी चूक सांग, मी माझी सांगते. मी न वाचता सही केली आणि तू न ऐकता लावलंस.

भाचा : मी खरंच ऐकलं नाही गं. चार आठवडे सगळं बरोबर आलं, मग ऐकायचंच सोडलं.

मावशी : होतं असं. पाणी दे.

भाचा : हे घे. खुर्ची उंच करतो. पाय या खोक्यावर ठेव, लांब करून. बरं आहे?

मावशी : बरं आहे. कानाला तो जुना हेडफोन दे, नवा कान दाबतो.

भाचा : तयार? पाच, चार, तीन...

(लाल दिवा लागतो.)

भाचा : नमस्कार. अकरा वाजलेत. गेले सहा आठवडे या वेळी तुम्ही आमच्या मावशींचा आवाज ऐकलात, पण बोलत होता तो संगणक. हे मी रोज सांगायला हवं होतं, एकदाच सांगितलं. चूक माझी. आज मावशी स्वतः आल्यात.

मावशी : नमस्कार. दम ऐकू येतोय ना, तो माझा आहे. घड्याळाची बातमी उद्या. आज आधी एक खोटं दुरुस्त करते. गेल्या सोमवारी माझा आवाज म्हणाला की मला दुखलं नाही आणि मी रोज दोन हजार पावलं चालते. मी काल चारशे बारा चालले, तीही काठी घेऊन. आता माझंच सांगते, आणि या वेळी खरंच माझं. पहिल्या दिवशी काही कळलं नाही. भूल होती, मी नर्सला विनोद सांगत होते. दुसऱ्या दिवशी कळायला लागलं. तिसरा दिवस सगळ्यात वाईट. तिसऱ्या दिवशी मी रडले, मोठ्यानं, नातवाच्या वयाच्या डॉक्टरसमोर. म्हटलं, होता तो गुडघा काय वाईट होता, सुखातला जीव दुःखात घातला. चौथ्या दिवशीही तसंच म्हटलं, पण जरा हळू. अकराव्या दिवशी एकटीनं न्हाणीघरापर्यंत गेले आणि परत आले. म्हणजे... काय सांगत होते मी?

भाचा : न्हाणीघर.

मावशी : हं. त्या दिवशी अंघोळीला अर्धा तास लावला, मुद्दाम. दाराबाहेर कुणी उभं नव्हतं ना, म्हणून. आणि आज इथला जिना चढले. आधी कठड्याला लोंबकळत पंधरा मिनिटं लागायची, आज चार लागली, त्यात एक थांबा. वर आल्यावर इतका आनंद झाला, की भांडायला आले होते ते दोन मिनिटं विसरलेच. मशीनवर माझा राग नाही. माझ्या गुडघ्याचं माप अशाच एका मशीननं काढलं, डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, मी हात जोडले त्याला. पण दुखलं ते मला, तेव्हा दुखण्याचं मी सांगणार. बातम्या त्यानं खुशाल सांगाव्यात, "मी" म्हणायचं काम माझं. कुणी उद्या ऑपरेशनला जाणार असेल तर जा. तिसऱ्या दिवशी दुखेल. दुखलं म्हणजे बिघडलं असं नाही. व्यायामवाल्या मुलीला मनात काय वाट्टेल ते म्हणा, पण पाय वाकवा. झालं माझं. गाणं लाव रे.

भाचा : लावलं. माईक बंद आहे. मावशी, रडतेस?

मावशी : पाय दुखतोय. फोन बघ, वाजतोय.

भाचा : हॅलो... हो, आहेत. देतो. तुझा आहे. "तीनला द्या" म्हणतायत.

मावशी : अगं, कपाटातून काढलास फोन?

चार नंबर : सुनेचा आहे.

मावशी : ऐकलंस?

चार नंबर : ऐकलं.

मावशी : रागावलीस?

चार नंबर : थोडी.

मावशी : ते मशीन होतं गं, मी कॉटवर—

चार नंबर : मशीनवर नाही, तुझ्यावर. त्या दिवशी वाटलं, हिचं सगळं सोपं असतं. बोर्डावर हिचे कॉल आधी लागायचे, आता हिचे गुडघेपण आधी. जळले मी. म्हणून तारीख घेतली.

मावशी : माझ्यावर जळून गुडघा बदलायला निघालीस?

चार नंबर : मग काय.

मावशी : आणि आता?

चार नंबर : पिशवी भरलीय. दोन गाऊन, चष्मा, रेडिओ.

मावशी : म्हणजे जातेस.

चार नंबर : जाते. तू रडलीस म्हणालीस. किती मोठ्यानं?

मावशी : शेजारच्या खोलीतली बाई बघायला आली.

चार नंबर : बरं वाटलं.

मावशी : मी रडले म्हणून?

चार नंबर : तीन वर्षं त्यालाच घाबरत होते. दुखण्याला नाही. सगळ्यांसमोर रडायला येईल त्याला.

मावशी : येऊ दे गं.

चार नंबर : शनिवारी ये.

मावशी : येते. दुपारी?

चार नंबर : सकाळीच. पण बोलायचं नाही.

मावशी : अजिबात?

चार नंबर : अजिबात. शेजारी बस नुसती.

मावशी : किती वेळ?

चार नंबर : मला झोप लागेपर्यंत.