चौसष्ट नंबरची जुडी

लुसिला : आणि तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस? कशाला बोलावलंय ते विचारायचं तरी!

त्रान्सितो : विचारलं. सुपरवायझर म्हणाला, जेवण झालं की ऑफिसात ये, तुझ्या चौसष्ट नंबरबद्दल बोलायचंय.

लुसिला : मग संपलंच. नंबर घेतला म्हणजे तक्रार. एकोणीस वर्षं गुलाबाच्या जुड्या बांधतोय आपण, नंबर घेऊन कधी कुणी शाबासकी दिलीय? जुडीवर आपला नंबर चिकटवतात तो पकडायला. मिरवायला नाही.

त्रान्सितो : मका खा. गार होतोय.

लुसिला : तू खा! दाणा नाही गेला तुझ्या तोंडात. करपलेलं पान राहिलं असेल एखादं.

त्रान्सितो : माझ्या जुडीत करपलेलं पान राहत नाही.

लुसिला : मिजास बघा बाईची. मागच्या महिन्यात बावीस नंबरला घरी बसवलं, माहितीय ना? अगं, फोन वाजतोय. घे, हॉलंडच्या सहलीवरून तुझी लेक!

यादिरा : आई! दिसतेय का मी?

त्रान्सितो : कपाळ दिसतंय. खाली घे जरा. जेवलीस?

यादिरा : जेवले. इथे संध्याकाळचे सात वाजलेत.

लुसिला : सात वाजता एवढं ऊन? थापा मारतेस का गं? आणि मागे त्या सायकली कुणाच्या?

यादिरा : सगळ्यांच्या, मावशी. इथे आजीबाईसुद्धा सायकलवरून जातात, आणि आपण मध्ये आलो की ओरडतात. दुपारी आम्हाला होडीतून फिरवलं. काल पवनचक्की दाखवली. चीजच्या कारखान्यातही नेलं.

लुसिला : कसं आहे चीज? आपल्या कायाम्बे गावच्यासारखं?

यादिरा : बघायला ह्यांचं, खायला आपलं.

लुसिला : शाब्बास. आणि बिस्किटं? तुझ्या आईने डबाभर दिली होती, आपली फुलं घेणाऱ्या कंपनीवाल्यांसाठी.

यादिरा : त्याच कंपनीत गेलो होतो आज सकाळी. आई, ऐक ना. तेच सांगायला फोन केलाय. पण आधी एक... आई, रागावणार नाहीस ना?

त्रान्सितो : बोल.

यादिरा : विद्यापीठात, वर्गात मी सांगितलं होतं, माझी आई फुलांच्या निर्यातीत आहे. म्हणजे... जुड्या बांधते, हे नव्हतं सांगितलं. चार वर्षं.

त्रान्सितो : ठाऊक आहे मला.

यादिरा : कसं?

त्रान्सितो : तुझ्या त्या कितो शहरातल्या मैत्रिणीची आई. सहलीचं विचारायला फोन केला, तर मला ‘मॅडम’ म्हणाली. मीही ‘हो, बोला’ म्हटलं.

लुसिला : अरे देवा! मॅडम!

यादिरा : आई...

त्रान्सितो : पुढे सांग. सुट्टीची दहा मिनिटं उरलीत.

यादिरा : तर कंपनीतल्या हान्नेकेबाई आम्हाला थंड खोलीत घेऊन गेल्या. केवढ्या बादल्या, आई! केनियाची फुलं, कोलंबियाची, आपली. मग त्यांनी एक जुडी उचलली आणि म्हणाल्या, आता तक्रार कशी नोंदवतात ते बघा. ही जुडी काल एक्वादोरहून आलीय. मी चिठ्ठी वाचली तर तिच्यावर नंब—

(फोन कट होतो.)

लुसिला : चौसष्ट.

त्रान्सितो : लागेल परत.

लुसिला : त्रान्सितो, तुझी तक्रार तिथून आलीय! पोरीच्या डोळ्यांदेखत! काय केलंस तू?

त्रान्सितो : एक जास्त घातलं.

लुसिला : काय जास्त घातलं?

त्रान्सितो : फूल. पंचवीसच्या जुडीत सव्वीस.

लुसिला : चुकून?

त्रान्सितो : चुकून कसं? पोरीने सहलीचा कागद वाचून दाखवला होता, कुठल्या दिवशी कुठली कंपनी. शुक्रवारी पेट्यांवर तेच नाव दिसलं. बारा पेट्या. म्हटलं, पोरगी त्यांच्या दारात जाणार. यापा नको द्यायला?

लुसिला : अगं, यापा बटाट्यांवर देतात! शेरभर घेतले की मूठभर वर! जहाजाने—

त्रान्सितो : विमानाने.

लुसिला : विमानाने पाठवलेल्या मालावर कोण यापा देतं? आणि मालकाची फुलं वाटणारी तू कोण?

त्रान्सितो : मालकाची नव्हेत. संध्याकाळी बाजूला काढलेली फुलं आपल्याला नेऊ देतात ना, देठ वाकडे म्हणून? शुक्रवारचा माझा वाटा. बारा फुलं, पेटीला एक. मी घरी नेली नाहीत.

लुसिला : आणि मला म्हणालीस, कंटाळा आलाय, हात मोकळे ठेवते.

त्रान्सितो : वाजतोय.

यादिरा : आई? गेला होता आवाज. कुठपर्यंत ऐकलंस?

त्रान्सितो : नंबरपर्यंत.

यादिरा : चौसष्ट! त्यांनी मोजून दाखवली. सव्वीस. म्हणाल्या, मशीन पंचवीस गृहीत धरतं, एक वाढलं की सगळी रांग थांबते. बारा वेळा थांबली म्हणे. तर आमच्या वर्गातला तो सेबास्तियान हसला. म्हणाला, कायाम्बेच्या बायकांना पंचवीसपर्यंतही मोजता येत नाही. सगळे हसले.

लुसिला : हा सेबास्तियान कुठे राहतो?

यादिरा : मी हात वर केला.

त्रान्सितो : कशाला?

यादिरा : म्हटलं, चौसष्ट नंबर माझ्या आईचा आहे. ती दिवसाला तीनशे जुड्या बांधते आणि हाताने उचलून सांगते, चोवीस आहेत की पंचवीस. ही चूक नाही. हा यापा आहे.

त्रान्सितो : मग?

यादिरा : मग बाईंनी विचारलं, यापा म्हणजे काय? आणि आई, सगळे एकदम बोलायला लागले! कुणी बटाट्यांचं सांगतंय, कुणी ब्रेडचं. आमचे सर म्हणाले, त्यांच्या आईला दूधवाली रोज अर्धा पेला वर घालायची. आणि सगळ्यात मोठ्याने कोण बोलत होतं? सेबास्तियान! त्याची आजी बाजारात केळी विकायची. हे त्याने कधी सांगितलं नव्हतं.

लुसिला : बघा! म्हणून विचारलं कुठे राहतो ते. आपल्यातलाच निघाला.

यादिरा : बाईंनी ते वाकड्या देठाचं फूल काढलं आणि मला दिलं. हे बघ. हॉटेलातून ग्लाससकट घेऊन आलेय तुला दाखवायला. पण आई... तक्रार काल संध्याकाळीच गेली होती. त्यांना परत घेता येत नाही. तुला बोलावलं नाही ना कुणी?

लुसिला : आत्ता पाच मि—

त्रान्सितो : नाही. कोण बोलावतंय?

यादिरा : बोलावलं तर मला सांग. सर पत्र लिहायला तयार आहेत, विद्यापीठाच्या कागदावर. हान्नेकेबाईही—

त्रान्सितो : पत्रबित्र नको.

यादिरा : पण आई, त्यांनी कामावरून—

त्रान्सितो : तू माझा नंबर सांगितलास ना तिथे? एवढ्या लोकांत?

यादिरा : सांगितला.

त्रान्सितो : मग झालं. मीही सांगेन. देठ तिरका कापलास?

यादिरा : हो.

त्रान्सितो : पाण्याखाली धरून?

यादिरा : हो गं आई.

त्रान्सितो : खालचं पान काढ, पाण्याला लागतंय. आणि उद्या टोपी घाल. ठेव आता.

लुसिला : भोंगा झाला. पोरीला खोटं का बोललीस?

त्रान्सितो : चार वर्षं ती बोलली. माझं एक.

लुसिला : थांब, मीही येते ऑफिसात. एकटी नको जाऊस. ॲप्रन तरी बदल, डाग पडलाय.

त्रान्सितो : राहू दे. त्यावरचा नंबर दिसतोय ना?

लुसिला : दिसतोय. पण तो विचारेल, सव्वीस का? काय सांगशील?

त्रान्सितो : पंचवीस तुमची होती म्हणेन. सव्विसावं माझं.