काकूंनी आणलेला उंट

आमच्या तरसालीच्या काकांना कुत्र्यांबद्दल काही सांगायला जाऊ नका. पणजोबा संस्थानच्या शिकारखान्यात कुत्री सांभाळायचे ना, म्हणून यांना सगळं उपजत कळतं! सावली गावच्या शेतातला गहू नीलगायी फस्त करायच्या, म्हणून काकांनी एक बुटका, जातिवंत शिकारी कुत्रा आणला. उभ्या गव्हात तो पार बुडाला. नीलगाय दिसावी म्हणून बिचारा चेंडूसारखा उड्या मारायचा. नीलगायी निवांत चरत राहिल्या आणि काका जमीन विकायचं बोलू लागले.

मग काकूंनी एक लंबूटांग कुत्रा आणला. आई लॅब्रॅडॉर, बाप कारवानी. शेजारचे रमणभाई हसले, "काका, आ ऊंट क्यांथी लाव्या?" हा उंट कुठून आणलात म्हणे!

काका चिडले, "ना धड हा, ना धड तो. काय करणार हा?"

काकू म्हणाल्या, "निदान बघेल तरी!"

त्यानं गव्हावरून मान काढून पाहिलं आणि जो सुटला, तो कळप बांधापार घालवूनच आला. आता हुसकावणं, हुडकणं, राखण, सगळं तोच करतो.

परवा मी सहज म्हटलं, "काका, नीलगायी एरंडा खात नाहीत. यंदा एरंडाच लावा की."

काका खवळलेच, "एरंडा डोक्यावर जातो! मग आमच्या उंटाला दिसणार कसं?"