नावात प्रश्नचिन्ह चालत नाही

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "मंजू, सेव्ह का नाही केलंस?" अहो, तेच तर करत होते, अर्धा तास दुसरं काय करत होते मी! तुम्हाला सांगते, कॉम्प्युटरला माणसाशी नीट बोलता येत नाही. काही बिनसलं की आधी टुंग करतो, मग पडद्यावर मधोमध एक चौकोन आणतो, त्यात इंग्रजीतून काहीतरी खेकसलेलं असतं, आणि माझं कसं आहे, टुंग झालं की हात आपोआप ओकेवर जातो... वाचायच्या आधीच. चौकोन गेला की बरं वाटतं. घाबरत नाही हं मी, नुसती दचकते.

बी.ए. झालेय, लालबागला रघुवीर सरांच्या डीटीपीच्या दुकानात टायपिंग करते. लग्नपत्रिका, वास्तुशांत, कोणाचं बारावं. पण त्या शनिवारी समोर स्टुलावर माझे बाबाच येऊन बसले होते, आणि तेही इस्त्रीचा शर्ट घालून! बाबा बावीस वर्षं मिलमध्ये साच्यांवर होते, साचे म्हणजे माग. मग ब्याऐंशीचा संप झाला, आणि तेव्हापासून आज अठरा वर्षं, घरात कोणी मिलचं नाव काढलं की बाबा उठून गॅलरीत जायचे. कपडे वाळत असायचे ते बघत उभे राहायचे. आणि यंदा चाळीच्या मंडळाला पन्नास वर्षं झाली, स्मरणिका निघणार म्हटल्यावर जेवताजेवता आपणहून म्हणाले, मी सांगतो, मंजू लिहील. आईने हातातली पोळी तव्यावर टाकली आणि उलटायलाच विसरली.

एक अट मात्र घातली. "एकदाच सांगतलंय हां गो. परत परत सांगूक मी काय टेप नाय."

आता बघा हं. सर माहीमला पाहुण्यांकडे. लाइट गेली तरी मशीन चालू ठेवणारा तो डबा रिपेअरला. आणि शेजारचे गंगाधर शिंपी रोज पाचला इस्त्री लावतात नि आमचा फ्यूज उडतो. रोज! घड्याळ लावून घ्यावं. मग मी मध्येमध्ये सेव्ह का केलं नाही? कसं करू? बाबा सांगत होते, साच्यांच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ओठांवरून ओळखायचे, आणि संपाच्या पहिल्या दिवशी घरी आईशी बोलायला गेले तर स्वतःचाच आवाज एवढा मोठा वाटला की गप्पच बसले... अशा वेळी टुंग झालं असतं आणि बाबा उठून गेले असते तर? म्हणून नाही केलं. दोन तास, चार पानं, एकदाही नाही.

साडेचारला बाबा थांबले. नाव काय देऊ म्हटलं, तर म्हणाले, संप मिटला? मी वर मराठीत मथळा टाकला. फाईलच्या नावाला मराठी चालत नाही, नुसत्या मुंग्या उमटतात, म्हणून तिथे तेच इंग्रजी अक्षरांत लिहिलं, प्रश्नचिन्हासकट. सेव्ह दाबलं. टुंग! ओके. पुन्हा दाबलं. टुंग! ओके. घाबरले नाही हं, नुसती दचकले. फ्लॉपी बदलली. टुंग. फ्लॉपी ओढणीला पुसली. टुंग. तिसरी काढली, तिच्यात कोणा सुभद्राचं डोहाळजेवण होतं, ते पुसून टाकलं, देव मला क्षमा करो, तरी टुंग! बाबा शांतपणे म्हणाले, धागा तुटला काय? मी म्हटलं, नाही नाही, चाललंय.

शेवटी सरांना फोन लावला. सर आधी हेच, "चौकोनात काय लिहिलंय?" म्हटलं, माहीत नाही, मी ओके दाबलं. "कशाला दाबलंस?" म्हटलं, तो गेला ना मग. सरांनी मोठा श्वास घेतलेला मला माहीमवरून ऐकू आला. मग पुन्हा सेव्ह दाबून चौकोनातलं एकेक अक्षर वाचायला लावलं, आणि निघालं काय? फ्लॉपी ठीक, मशीन ठीक... फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही!

एवढंच! काढून टाकलं. तर बाबा पडद्यावर वाकले. इंग्रजी येत नाही त्यांना, पण ती शेवटची प्रश्नाची आकडी कुठे गेली म्हणाले. मी सांगितलं, ती चालत नाही.

"आकडी काढलंस तर काय रवला?"

"संप मिटला."

"कोणी सांगितल्यान तुका, मिटलो म्हणून? अजून कोणी मागे घेवक नाय तो."

पाचला दहा कमी. मी समजावतेय, बाबा, हे नुसतं बाहेरचं नाव, आत मथळ्यात तुमची आकडी आहे. बाबा ढिम्म. इतक्यात चुकून माझा हात बंद करायच्या बटणावर गेला, टुंग! या वेळी मी ओके दाबलं नाही, वाचलं. बदल जपून ठेवायचे का, असं विचारत होता. पुढे ही एवढी आकडी! बाबांनी तिच्यावर बोट ठेवलं. "ह्येका चलता. आमका नाय. मालकाचोच भाऊ."

शेजारी गंगाधर काकांनी इस्त्रीचं टेबल सरकवल्याचा आवाज आला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "मिलच्या गेटार तरी आमचा नाव खंय होता गो. आत होतोच ना आम्ही. घाल, तुझा नाव घाल."

manju. एंटर. फ्लॉपीचा दिवा लागला, घरघरली... घरघरली... विझला. आणि फट्! फ्यूज. अंधारलेल्या पडद्यासमोर आम्ही दोघं बसलो होतो. घाबरले हं मी तेव्हा. खरंच घाबरले.

गंगाधर काकांनीच फ्यूज बसवला. फाईल उघडली. चार पानं, वर आकडीसकट मथळा. बाबांनी पान खाली-वर करायला लावलं, दोनदा, आणि म्हणाले, एक राहिलं, लिही.

त्याला आता सहा महिने झाले. एकदाच सांगणारा माणूस! स्मरणिका निघाली, वाटून झाली, तरी दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून हजर. manju 17 चालू आहे. मी दर दोन ओळींना सेव्ह करते, आई डबा पाठवते, टुंग झालं तर बाबाच म्हणतात, आधी वाच. तसं बरं चाललंय म्हणा. परवा सहज विचारलं, बाबा, हे संपणार कधी?

म्हणाले, संप मिटलो की.