मोऱ्यांची भावकी

पीएचपीत वेबसाइटचा फॉर्म करत असाल, तर माहिती जमा झाली की माणसाला लगेच दुसऱ्या पानावर पाठवा. हे मला पाचाडच्या मावशीने शिकवलं, आणि तिला कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नाही.

तिची खानावळ आहे. नववीत शाळा सुटल्यावर मी मोबाईलवर बघून बघून कोडिंग शिकलो आणि पहिली वेबसाइट तिचीच केली. गिऱ्हाइकाने जेवणाच्या ऑर्डरचा फॉर्म भरला की तिच्या फोनवर मेसेज जायचा.

"मावशी, पहिला मेसेज माझा. तो खोटा," असं सांगून मी महाडला घरी फॉर्म भरला. नाव माझंच, मोरे, माणसं चार, गावठी कोंबडी. खाली उमटलेल्या 'धन्यवाद'चा रंग जमेना, म्हणून रंग बदलून पान रिफ्रेश करत बसलो.

दुपारी फोन आला. "तुमची भावकी कधी पोचतेय रे? कोंबड्या शिजल्या!"

"कसली भावकी?"

"पहिला मेसेज तुझा, तो धरला नाय. बाकी अकरा हायत, सगळे मोरे!"

"मी एकदाच भरला होता गं."

"मग बाकीचे भुतांनी भरले?"

मला काहीच कळेना. कोड दोनदा वाचला. बघू तरी म्हणून पान पुन्हा रिफ्रेश केलं, तर फोनवर मावशी ओरडली, "अरे, अजून चार माणसं वाढली!"

"ते सगळे मीच आहे. पान रिफ्रेश केलं की तोच फॉर्म पुन्हा जातोय," मी कसाबसा म्हणालो.

"मग ये, आणि एकटाच जेव अठ्ठेचाळीस पानं."

शेवटी लाजत लाजत सगळ्या भावकीला फोन केले आणि जेवायला नेलं. आता भेटेल तो चुलता एकच विचारतो, "काय रे, परत फॉर्म कधी भरतोयस?"