उंबऱ्याखाली

(बनशंकरीतल्या एका इमारतीचा तिसरा मजला. सकाळचे नऊ. सकवारबाई घरी एकट्याच. गळती शोधायला आलेला दयानंद त्यांच्या दारातच उकिडवा बसला आहे.)

सकवारबाई : न्हाणीघर आत आहे रे. इथं दारात काय बघतोस?

दयानंद : ते बघून झालं की, अक्का. काल दिवसभर तिथं निळीचं पाणी तुंबवून ठेवलं होतं. खाली श्रीविद्याबाईंच्या छताला निळा ठिपकासुद्धा आला नाही.

सकवारबाई : मग यशोवर्धन उद्या फरशी फोडायला माणसं का बोलावतोय?

दयानंद : तुमच्या मुलाला वाटतंय, गळती तिथलीच. पण खालचा डाग न्हाणीघराखाली नाहीच. या दाराच्या बरोबर खाली आहे. पाळणा टांगलाय बघा त्यांनी, त्याच्या वर.

सकवारबाई : पाळणा तिथं मीच टांगायला सांगितला. वारं येतं म्हणून.

दयानंद : तुमचं दार लावताना घासतं काय?

सकवारबाई : वर्ष झालं. आताचं लाकूड असलंच.

दयानंद : लाकूड बरं आहे. खालून पाणी पिऊन फुगलंय. नखानं दाबलं तरी आत जातंय. आणि ह्या सांध्यातनं काय निघालं बघा.

सकवारबाई : रांगोळी.

दयानंद : ओली रांगोळी. आज किती पाणी ओतलं इथं?

सकवारबाई : स्वल्प. उंबऱ्याला हळदकुंकू लावायचं तर आधी धुवायला नको?

दयानंद : स्वल्प म्हणजे किती?

सकवारबाई : दोन बादल्या. भव्याला सांगू नकोस. सून म्हणाली होती एकदा, आई, फडक्यानं पुसा. म्हणून ती उठायच्या आत उरकते. मल्लेश्वरमच्या घरी चाळीस वर्षं असंच केलं, तिथं कधी काही झालं नाही.

दयानंद : तिथं उंबऱ्याखाली माती होती की. इथं दुसऱ्याचं घर आहे.

सकवारबाई : पोरगी दोन महिने खोकतीय खाली. मी रोज जाऊन ओव्याच्या पुरचुंडीनं तिची छाती शेकते. श्रीविद्या म्हणते, अक्का, तुमचे उपकार कसे फेडू.

दयानंद : खोकला ओलीचाच, असं मी म्हणत नाही. मी काय डॉक्टर नव्हे. पण पाळणा आजच हलवायला सांगा.

सकवारबाई : तू यशोवर्धनला सांग, कुठला तरी पाइप होता म्हणून.

दयानंद : पाइप म्हटलं की ते उद्या फोडणारच. चार दिवस घरभर धूळ, आणि डाग तसाच.

सकवारबाई : खरं कळलं तर उंबरा माझ्याकडून काढून घेतील. स्वयंपाक भव्याचा, पूजा यशोवर्धनची. माझ्या हातचं तेवढंच राहिलंय रे या घरात.

दयानंद : रांगोळी काढू नका कोण म्हणतंय? सांधा आज खरवडतो, चार दिवस वाळू दे, मग भरतो. त्यानंतर फडकं घट्ट पिळून पुसा आणि पाहिजे तेवढी मोठी काढा. आमची आई चिकोडीहून माझ्याकडं आली तेव्हा तिच्या हातातली बादली मीच काढून घेतली. दोन दिवस बोलली नाही.

सकवारबाई : मग?

दयानंद : तिसऱ्या दिवशी फडकं मागितलं.

सकवारबाई : सरी, तसंच करू. यशोवर्धनला फोन मी करते. फोडणाऱ्यांना येऊ नका म्हणून सांगायला हवं. आता किती वाजले?

दयानंद : साडेनऊ होत आले.

सकवारबाई : पोरीची आंघोळ झाली असेल. श्रीविद्या वाट बघत असेल माझी. थांब, तवा ठेवते पुरचुंडीला.

दयानंद : खाली मी सांगू काय? बाहेरच्यानं सांगितलेलं बरं पडतं.

सकवारबाई : नको. मीच सांगते, आणि शेकायच्या आधी सांगते. शेकून झालं की ती परत उपकार म्हणेल.